बेचैनी आजाराची की गोळीची?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियासाठी तीन आठवड्यांपूर्वी रिस्पेरिडोन हे औषध सुरू झाले. कानात येणारे आवाज कमी झाले. पण आता तो एका जागी बसत नाही, भरल्या पानावरून उठतो आणि रात्रभर पडवीत येरझारा घालतो. आजार बळावला असे आईला वाटते, तर शेजारी गोळ्या बंद करायला सांगतात. काय करावे?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आवाज कमी होत असताना बेचैनी वाढली, ही तुमची नोंद फार मोलाची आहे. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत वा आठवड्यांत असे होऊ शकते. औषधाच्या या दुष्परिणामाला अकॅथिसिया म्हणतात. उभे असतानाही एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहणे आणि ‘आतून कोणीतरी ढकलतंय’ असे सांगणे, ही त्याची ठळक खूण होय. हे चिन्ह आजाराचे समजून डोस वाढवला गेला, तर त्रास आणखी वाढतो. म्हणून डॉक्टरांना ‘तो चिडचिड करतो’ एवढेच न सांगता बेचैनी कधी सुरू झाली आणि बसायला सांगितल्यावर तो काय म्हणतो, हे सांगावे.

गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, कारण आवाज परतण्याचा धोका खरा आहे. डॉक्टर डोस कमी करू शकतात, औषध बदलू शकतात किंवा ही बेचैनी शमवायला प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊ शकतात. त्याने दमा बळावू शकतो, म्हणून भावाला दमा असल्यास ते आधी सांगावे. ही तगमग कधीकधी इतकी असह्य होते की माणसाला जीव नकोसा वाटतो. तसे तो बोलला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्लाही मिळतो.

या औषधाने वजन आणि रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून त्यांची तपासणी पुढच्या भेटीत करून घ्यावी. त्यात घाई नाही. घाई करायची ती याच औषधाने उद्भवू शकणाऱ्या आणखी दोन प्रसंगी. मान वाकडी होऊन डोळे वर चढले, तर लगेच दवाखान्यात न्यावे. तिथे इंजेक्शनने सहसा लवकर आराम पडतो. दुसरा प्रसंग क्वचित येतो, पण जिवावर बेतणारा असतो : अंग लाकडासारखे ताठ होऊन जोराचा ताप, घाम आणि गोंधळलेपण. वैशाखात बागेत काम करून आल्यावर असे झाले, तर ‘ऊन लागलं’ म्हणून पन्हे देत बसू नये. चालू गोळ्यांचे पाकीट घेऊन थेट रुग्णालय गाठावे.