उंबऱ्याच्या आतली चप्पल : वाचकांची प्रश्नोत्तरे

पायांच्या तक्रारींविषयी आलेल्या पत्रांत एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते : घरात चप्पल घालण्याची पद्धत नाही आणि पाय तर अनवाणी चालू देत नाहीत. सोलापुरातील बहुतेक घरांत चपला दाराबाहेर किंवा जिन्याखाली काढल्या जातात, आणि ही चांगली सवय मोडण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. त्यामुळे खालील उत्तरांत घरातली चप्पल म्हणजे उंबऱ्याबाहेर कधीही न गेलेली चप्पल, असे समजावे.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुने घर सोडून जुळे सोलापुरात राहायला आलो. तेथे शहाबादी फरशी होती, येथे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. सकाळी पहिली पावले टाकताना टाचेत खिळा टोचल्यासारखे दुखते. थोडे चालले की कमी होते. घरात चप्पल घालावी असे वाटते, परंतु देवघर स्वयंपाकघरातच असल्यामुळे सासूबाईंना ते चालत नाही.

उत्तर : टाइल्सवर आळ घेण्याची घाई करू नका. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगडच, आणि टाचेच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच कठीण आहेत. तुमच्या वर्णनावरून ही तक्रार प्लांटर फॅशियाची, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेल्या चिवट पट्ट्याची असण्याची शक्यता अधिक वाटते. रात्री पाऊल खाली झुकलेले राहते, पट्टा आखडतो आणि सकाळी उठताच त्यावर अंगाचा सगळा भार पडतो. चाळिशीनंतर टाचेखालच्या चरबीच्या गादीची लवचीकता कमी होऊ लागते, आणि ओट्याशी उभे राहून भाकऱ्या थापण्यात जाणारा वेळ त्यात भर घालतो. रात्री झोपेतही दुखत असेल, मुंग्या येत असतील किंवा टाच सुजली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

चप्पल घेताना आपण दुकानात अंगठ्याने दाबून सर्वांत मऊ लागेल ती उचलतो आणि तेथेच फसतो. अतिमऊ फोम भाराखाली पूर्ण चेपतो, टाच जमिनीला टेकल्यासारखीच होते आणि पाऊल आतल्या आत डगमगते. अंगठ्याने दाबल्यावर थोडी खोलगट होऊन लगेच मूळ आकारात येणारी, टाचेखाली बोटांपेक्षा जरा जाड आणि मधल्या कमानीला किंचित आधार देणारी चप्पल घ्यावी. दोन्ही टोके धरून ती वाकवून पाहावी. ती चवड्यापाशी, जेथे बोटे वाकतात तेथे वाकली पाहिजे. मध्यभागी कागदासारखी दुमडली तर परत ठेवावी. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. उभे राहून दोन्ही पायांत घालून पाहावे आणि सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटीमीटर जागा ठेवावी. आपल्याकडच्या नेहमीच्या मापांत एका नंबराने लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते, त्यामुळे 'एक नंबर मोठी चालेल' हे ऐकून घेऊ नये.

सासूबाईंचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्यामागे सहसा दोन गोष्टी असतात, बाहेरची घाण आणि चामडे. लाकडी खडावा पूर्वी घरातही वापरल्या जात, हे त्यांना ठाऊक असेल. चामड्याचा अंश नसलेली, धुता येणारी नवी जोडी दुकानातून आणून त्यांच्यासमोरच खोक्यातून काढा आणि ती बाहेर जाणार नाही हे पाळून दाखवा. एवढे करूनही स्वयंपाकघरात नकोच असेल, तर ओट्यापुढे दाट फोमची किंवा रबराची, खालून न सरकणारी चटई अंथरा. त्या जागी घडी घातलेली चादर मात्र नको. सोलापुरी असली तरी गुळगुळीत टाइल्सवर ती सरकतेच. पूजेची पंधरा मिनिटे अनवाणी गेल्याने टाचेचे फार बिघडत नाही. सकाळची पहिली पावले अनवाणी पडू नयेत, म्हणून चप्पल पलंगाशेजारी ठेवावी आणि उठण्यापूर्वी हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढून दहा सेकंद धरावीत, असे दहा वेळा करावे. दिवसातून आणखी दोनदा हाच व्यायाम करावा. आराम पडायला काही महिने लागतात; चप्पल बदलल्यावर आठवड्याभरात चमत्कार होईल असे समजू नये.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. आयुष्यभर यंत्रमागावर काम केले, आता घरात आणि गच्चीवर अनवाणीच फिरतात. अलीकडे चालता चालता चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही. "मला कधी काहीच टोचत नाही," असे ते अभिमानाने सांगतात.

उत्तर : या वेळच्या पत्रांत हे सर्वांत तातडीचे आहे. टोचत नाही, याचा अर्थ टोचलेले कळत नाही असा असू शकतो, आणि निसटलेली चप्पल न कळणे ही संवेदना गेल्याची ठळक खूण आहे. डॉक्टर नायलॉनचा १० ग्रॅम दाबाचा तंतू तळव्याला टेकवून काही मिनिटांत ही तपासणी करतात. ती याच आठवड्यात करून घ्या आणि पुढे वर्षातून किमान एकदा, संवेदना कमी आढळल्यास डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, करत राहा. संवेदना गेलेल्या पायाने घरातही अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालू नये. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा गच्चीवरची फरशी अशा पायाला नकळत भाजते आणि तो फोड दुसऱ्या दिवशी मोजा ओला लागला की लक्षात येतो.

त्यांच्यासाठी एमसीआर, म्हणजे सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल विचारावी. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मऊ रबराच्या चपलांचा वापर रुजवला, आणि आज मधुमेहींनाही त्याच सुचवल्या जातात. आतला थर मऊ, त्याखाली काटा आरपार जाणार नाही असा टणक तळ, कोठेही खिळा नाही, आणि टाचेमागे पट्टा. अंगठ्याची चप्पल टाळावी, कारण बोटांच्या बेचक्यात घासून जखम होते आणि ती पायात टिकवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात. घालण्यापूर्वी चप्पल उलटी करून झटकावी आणि आतून हात फिरवावा. रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहावेत. कुरूप झाले तर ते ब्लेडने कापू नये, आणि पाय गरम पाण्यात बुडवून बसू नये.

वडील ऐकत नसतील तर एक युक्ती सांगते. यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला यंत्राची निगा समजते. पायाचा इशारा देणारा भाग निकामी झाला आहे, म्हणून आता डोळ्यांनी पाहून काम चालवायचे आहे, अशा शब्दांत सांगून पाहा.

प्रश्न : जत्रेतून टोकदार गुठळ्यांची ॲक्युप्रेशर चप्पल आणली आहे. घरात दिवसभर घातली तर चालेल का?

उत्तर : दिवसभर नको. धडधाकट माणसाला दहा-पंधरा मिनिटे बरे वाटत असेल तर माझी हरकत नाही. मात्र टाच दुखत असेल तर त्या गुठळ्या नेमक्या दुखऱ्या जागी भार देतात, आणि वरच्या पत्रातील वडिलांसारख्या मधुमेहींच्या पायांत ती चप्पल कधीही जाता कामा नये.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतल्या थंडीत तिला पाय गार पडल्यासारखे वाटतात, म्हणून ती लोकरीचे मोजे आणि त्यावर मी टर्किश टॉवेलच्या कापडाच्या शिवलेल्या सपाता घालते. गेल्या आठवड्यात न्हाणीघराच्या दाराशी तिचा पाय घसरला. सुदैवाने लागले नाही.

उत्तर : टॉवेलचे कापड घाम टिपते, म्हणून तळव्याला लागणाऱ्या थरासाठी उत्तम आहे. चूक खालच्या बाजूला झाली आहे, कारण कापडाचा तळ टाइल्सवर घसरतो, नुसते मोजेही तसेच घसरतात आणि मोज्यांवरची सैल सपाता तर दोन जागी घसरते. टाच उघडी राहणारी सपाता वृद्धांनी वापरूच नये, कारण ती निसटू नये म्हणून पाऊल फरफटवत चालण्याची सवय लागते आणि चटईच्या कडेला पाय अडतो. मोचीकडून त्याच सपातांना रेघा असलेल्या रबराचा पातळ तळ आणि टाचेमागे वेल्क्रोचा पट्टा लावून घ्या. वृद्धांच्या चपलेचा तळ फार जाड नसावा. पातळ आणि जरा टणक तळातून जमिनीचा अंदाज नीट लागतो. न्हाणीघरासाठी वेगळी रबरी जोडी ठेवा, आणि तिच्या तळाच्या रेघा झिजल्या की ती टाकून द्या. तेथे भिंतीला एक धरदांडी बसवली तर या सर्व चपलांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

प्रश्न : तीन वर्षांच्या नातवाचे तळवे अगदी सपाट दिसतात. त्याला घरात कमानीची चप्पल घालावी का?

उत्तर : नाही. या वयात तळवे सपाट दिसणे स्वाभाविक आहे, कमान पुढे काही वर्षांत आकार घेते. स्वच्छ फरशीवर त्याला अनवाणीच धावू द्या. तो लंगडत असेल, पाय दुखतो म्हणत असेल किंवा एकच पाय सपाट असेल, तरच दाखवा.

प्रश्न : घरातली फोमची चप्पल दर रविवारी धुऊन गच्चीवर वाळवते. उन्हाळ्यात ती महिन्याभरातच लहान झाली. दुकानदार म्हणतो, पाय वाढला असेल!

उत्तर : पाय वाढलेला नाही. अशा बहुतेक चपला ईव्हीए नावाच्या फोमच्या असतात आणि तो उष्णतेने आकसतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात काही तास ठेवलेली चप्पल सहज लहान होते. थरांची चप्पल असेल तर तिचा गोंदही सुटतो. साध्या साबणाने गार पाण्यात धुऊन ती सावलीत, वारा लागेल अशा जागी उभी करून ठेवावी. शक्य असल्यास दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. आकसलेली जोडी ओढून घालू नका. टाच मागच्या कडेवर येते आणि तेथेच भेगा पडू लागतात. भेगा आधीच असतील तर वज्रीने हलक्या हाताने घासून रात्री पेट्रोलियम जेली लावावी आणि वर सुती मोजे घालावेत, मात्र ते मोजे घालून फरशीवर चालू नये.