ख्रिस्ती उपासनेत मास्टर्स करण्याइतकं असतं तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातला एक सहकारी नोकरी सोडून ख्रिस्ती उपासनेत मास्टर्स करायला निघालाय, सारखं आगमनकाळ, उपवासकाळ असं बोलत असतो, चर्चमधल्या प्रार्थनेत दोन वर्षं शिकण्यासारखं काय असतं? प्रश्नात थोडी टिंगल दिसते, पण चालेल. आमच्या घरातही हेच विचारलं गेलं होतं. मी वसईचा कॅथलिक. पुण्यात धर्मशास्त्र शिकलो आणि त्यातल्या उपासनाशास्त्रातच रमलो.

आधी ते ‘काळ’ उरकून टाकू. चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ लागतो, तेच नवं वर्ष. नाताळपर्यंत वेदीवर जांभळा रंग, नाताळात पांढरा, मग काही आठवडे हिरवा. राखेच्या बुधवारी (कपाळाला राख लावतात तो दिवस) ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की पुन्हा जांभळा. ईस्टरपासून, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापासून पांढरा, पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) लाल, आणि पुढे जवळजवळ नोव्हेंबर संपेपर्यंत हिरवाच. उपवासकाळात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, त्यामुळे कधी चर्चची पायरी न चढलेल्या केटररलाही हे कॅलेंडर पाठ असतं. सगळे ख्रिस्ती हे पाळतात असं मात्र नाही. पेंटेकॉस्टल नावाच्या पंथाच्या मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टर, संपलं. साल्व्हेशन आर्मी या प्रोटेस्टंट पंथात तर प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाचा) विधीच नाही.

इथवरचं कुठल्याही पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) कॅलेंडरात छापलेलं असतं. अभ्यास सुरू होतो तो ‘हे असंच का’ इथून.

ईस्टरच घ्या. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान फिरत राहतो. येशूचं मरण यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास झालं आणि तो सण पौर्णिमेचा, म्हणून चंद्र. सगळ्यांनी एकाच दिवशी पाळावा असं ३२५ सालच्या बिशपांच्या निकाया परिषदेत ठरलं. मराठी माणसाला हे चटकन कळतं: २०२४ मध्ये होळी झाली आणि पुढच्या रविवारी, ३१ मार्चला ईस्टर, २०२६ मध्ये हनुमान जयंती आणि पवित्र गुरुवार (ईस्टरच्या आधीचा गुरुवार) दोन्ही २ एप्रिललाच. पण २०२५ बघा. हनुमान जयंती शनिवारी १२ एप्रिलला, म्हणजे ईस्टर दुसऱ्या दिवशी १३ ला यायला हवा होता. आला २० ला. कारण चर्च पौर्णिमा आकाशात बघून ठरवत नाही, कोष्टकावरून काढतं. त्या कोष्टकात पौर्णिमा १३ तारखेला, नेमकी रविवारी पडली, आणि नियम आहे ‘नंतरचा’ रविवार. तिथीचा क्षय आणि वृद्धी यांवर घरात वाद ऐकलेल्या माणसाला यात घरच्यासारखं वाटेल.

नाताळची तारीख वर्षानुवर्षं ठरलेली, पण वाद तिथे जास्त. २५ डिसेंबर हा मूळचा रोमन सूर्याचा सण, ख्रिस्ती लोकांनी तो उचलला, असं तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचलं असेल. गंमत अशी की त्या दिवशीच्या सूर्योत्सवाचा लेखी पुरावा ज्या ३५४ सालच्या रोमन पंचांगवजा संग्रहात मिळतो, त्याच संग्रहात त्या तारखेला ख्रिस्तजन्माचीही नोंद आहे. मग कोणी कोणाचं घेतलं? दुसरा पक्ष म्हणतो, येशूचा गर्भधारणेचा दिवस २५ मार्च मानला गेला होता, त्यात नऊ महिने मिळवले. मला दुसरा पक्ष जास्त पटतो, पण परीक्षेत दोन्ही बाजू मांडाव्या लागतात आणि दोन्हींत भोकं आहेत.

या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग म्हणजे एगेरिया. ही एक बाई, बहुधा आजच्या स्पेन-फ्रान्सच्या बाजूची. ३८१ ते ३८४ च्या सुमारास यरुशलेमला यात्रेला गेली आणि तिथे कुठल्या दिवशी काय करतात ते लॅटिनमध्ये आपल्या मैत्रिणींना लिहून कळवलं. तिचं हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतल्या आरेत्सोत सापडलं, तेही सुरुवात आणि शेवट गहाळ झालेलं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, जैतून डोंगरावरून लोक फांद्या घेऊन शहरात उतरतात आणि ज्या पोरांना चालवत नाही ती आईबापांच्या खांद्यावर असतात, असं ती लिहिते. उत्तम शुक्रवारी लोक एकेक करून क्रूसाच्या लाकडाचं चुंबन घ्यायला येतात, तेव्हा त्याभोवती पहारा असतो. का, तर म्हणे पूर्वी कुणीतरी चुंबन घ्यायचं सोडून लाकडाचा चावा घेतला आणि तुकडा पळवला! सोळाशे वर्षांपूर्वीची ही बाई देवळाच्या रांगेत आपल्या पुढेच उभी आहे असं वाटतं. आणि आज वसईत झावळीची पाती दुमडून त्याचे छोटे क्रूस करतात, वर्षभर घरात तसबिरीमागे खोचून ठेवतात, पुढच्या वर्षी तीच वाळलेली पाती जाळून राखेच्या बुधवारची राख होते. ते कुठल्या परिषदेत बसून कोणी आखलेलं नाही. लोक करत गेले, मग नियम झाला. चर्चचं बरंचसं वर्ष असंच घडलंय, आणि या अभ्यासाचं मर्मही माझ्या मते हेच: पुस्तकात काय छापलंय यापेक्षा माणसं प्रत्यक्षात काय करतात ते बघणं.

म्हणून जागा बदलली की सण बदलतो. २४ जून हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. युरोपात त्या रात्री शेकोट्या पेटतात. गोव्यात पाऊस लागून विहिरी भरलेल्या असतात, तर सांजावला (योहानाच्या याच सणाला) पोरं डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. मुंबईचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळ मराठीभाषक कॅथलिक, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, तो आगेरा. रोमच्या कॅलेंडरात तो दिवस साधा हिरवा रविवार असतो.

वादाचे विषयही कमी नाहीत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेत मिस्साला (मुख्य उपासनाविधीला) वाट करून दिली. १९६९ मध्ये भारतासाठी बारा मुद्दे रोमने मंजूर केले: पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, समई, आरती. बंगळुरूचे फादर अमलोरपवदास यामागे होते. काही भाविक भडकले की चर्चचं देऊळ करताय. पुढे दलित धर्मशास्त्रज्ञांनी त्याहून अडचणीचा प्रश्न विचारला: ही ‘भारतीय’ संस्कृती नेमकी कुणाची? या एका प्रश्नावर आजही प्रबंध होऊ शकतो.

आता सहकाऱ्याच्या कामाचं. प्रोटेस्टंट वाट म्हणजे आधी बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी), मग एम.टीएच. (त्यातलं मास्टर्स); धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेल्या कॉलेजांत ते होतं, बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज त्यात जुनं, १९१० चं. कॅथलिक वाटेत धर्मशास्त्राच्या पदवीनंतर लायसेन्शिएट, म्हणजे मास्टर्सच्या तोडीची पदवी. पुण्यातल्या ज्ञानदीप या कॅथलिक संस्थेत धर्मशास्त्र शिकता येतं, आणि फक्त उपासनाशास्त्रच करायचं तर रोमची सांत आन्सेल्मो ही संस्था, अर्थात इटालियन शिकून. अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठ आणि येलची इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिक. केरळी परंपरेची ओढ असेल तर कोट्टायमच्या ‘सीरी’ या संशोधन संस्थेत सिरियाक भाषेत (केरळच्या जुन्या ख्रिस्ती उपासनेची भाषा) एम.ए. करता येतं, आणि माझ्या मते ही आपल्याकडची सर्वांत दुर्लक्षित संधी आहे.

नोकरीचं खरं सांगायचं तर फादर किंवा पाळक नसलेल्या माणसाला जागा मोजक्या. सेमिनरीत शिकवणं, धर्मप्रांताचं काम, भाषांतर, नाहीतर पीएच.डी. पगाराकडे बघून निघाला असेल तर आजच थांबवा. अभ्यासाच्या ओढीने निघाला असेल, तर प्रवेशाआधी लॅटिन किंवा ग्रीक सुरू करायला सांगा. पहिल्या सत्रात सगळ्यांची दमछाक तिथेच होते. आणि मराठी येत असेल तर विषय शोधायला रोमला जायची गरज नाही. अहिल्यानगरकडचं ख्रिस्ती कीर्तन आहे, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं मंडळ्यांत आजही पेटी-तबल्यावर कशी गायली जातात ते आहे. ती गाणारी म्हातारी माणसं आहेत तोवर रेकॉर्डर घेऊन जायला हवं, हे मात्र त्याला आवर्जून सांगा.