वाचकांचे प्रश्न : फ्लोरिडातला ऑसिओला

प्रश्न : मी डॅलसला राहतो. टेक्ससमध्ये रिओ ग्रांडे टर्की मारून झाली. आता ऑसिओला या रानटर्कीच्या उपजातीसाठी फ्लोरिडाला जायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : विमानाच्या तिकिटाआधी नकाशा उघडा. ऑसिओला फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात सापडते. राज्याच्या उत्तरेकडे ईस्टर्न या दुसऱ्या उपजातीशी संकर झालेले पक्षी आहेत, त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून शिकारीला तिकडची जागा घेऊ नका. किसिमी, ओकिचोबीच्या पट्ट्यात शंकेला जागा नाही. पक्षी हाती आला की पंखाची मोठी पिसं उलगडून पाहा: काळ्या पिसावर बारीक, तुटक पांढरे पट्टे. काळे-पांढरे पट्टे सारख्याच रुंदीचे असतील तर तो ईस्टर्नकडे झुकलेला.

तारखा स्टेट रोड ७० वरून ठरतात. रस्त्याच्या दक्षिणेला हंगाम मार्चच्या पहिल्या शनिवारी उघडतो, उत्तरेला तिसऱ्या शनिवारी, आणि साधारण पाच आठवडे चालतो. परराज्यातल्यांना दहा दिवसांचा परवाना ४६.५० डॉलर, टर्की परमिट १२५ डॉलर. सरकारी शिकारक्षेत्रासाठी आणखी २६.५० डॉलर. खरी अडचण पैशांची नाही, कोट्याची आहे. चांगल्या क्षेत्रांची सोडत असते आणि अर्ज हंगामाच्या कित्येक महिने आधी मागवतात. फेब्रुवारीत जागे झालात तर खाजगी रँच आणि गाइड एवढाच मार्ग उरतो, आणि तो खिशाला चांगलाच जड जातो. सरकारी क्षेत्रात दुपारी एकपर्यंतच बार टाकता येतो, हेही धरून चाला.

मुद्दाम टाकलेल्या चाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत टर्की मारणं बेकायदा आहे. झाडावर रात्रीच्या थाऱ्याला बसलेल्या पक्ष्यावरही बार टाकायचा नाही. नर पडला की तो जागेवरून हलवण्याआधी नोंद करा आणि २४ तासांच्या आत राज्याच्या वन्यजीव आयोगाला कळवा.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट लागतीलच, कारण सायप्रस झाडांच्या दलदलीत पाणी असतं, आणि पाण्यात कॉटनमाउथ हे विषारी साप.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्राची बंदूक वापरली तर चालेल ना?

उत्तर : बंदूक कोणाची, हा मुद्दाच नाही. तुमच्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे; अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना खिशात असेल तर सूट मिळते. त्यामुळे दहा दिवसांच्या परवान्याच्या भरवशावर राहिलात तर अकराव्या दिवशी परतीच्या वाटेवर, बॅगेत काडतुसं असताना, सूट संपलेली असते. टेक्ससचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टपर्यंत चालतो, तो आधी काढा. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. १ जून १९७५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना फ्लोरिडात हंटर सेफ्टीचा, म्हणजे शिकारीतल्या सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, टेक्ससचा चालतो.

प्रश्न : टर्कीचा नर जवळ येऊनही बार हुकतो. का?

उत्तर : बहुधा जवळ आला म्हणूनच. आवळ चोकमधून (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा अरुंद भाग) पंधरा यार्डांवर छर्ऱ्यांचा झुपका मुठीएवढाच असतो. त्यात पक्षी पाहायला दस्त्यावरून गाल उचलला की बार वरून जातो. घरून निघण्याआधी चाळीस यार्डांवर कागद लावा. दहा इंची वर्तुळात शंभराच्या आसपास छर्रे बसायला हवेत. नाही बसले तर काडतूस बदला किंवा चोक. मग नवा कागद पंधरा यार्डांवर लावा. नेम डोकं आणि मानेचा सांधा, छाती नव्हे.