वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या रानात काळ्याचा शोध

प्रश्न : मी जुना मिररलेस कॅमेरा ७२० नॅनोमीटरचा (साधारण त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारा) फिल्टर बसवून इन्फ्रारेडसाठी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लालपलीकडच्या प्रकाशासाठी, बदलून घेतला आहे. सप्टेंबरच्या अखेरीस तोरण्याच्या पायथ्याशी काढलेली बारा कृष्णधवल छायाचित्रे सोबत पाठवत आहे. पहिल्या दिवशी पांढरी झाडे पाहून फार आनंद झाला, परंतु आता सगळी चित्रे एकसारखी आणि सपाट वाटतात. चूक मांडणीत आहे की संगणकावरच्या कामात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चूक मुख्यतः मांडणीत आहे. साध्या कृष्णधवल चित्रात भाताची खाचरे, बांधावरचे गवत, सागाची झाडे आणि मागचा डोंगर यांना करड्याची वेगवेगळी छटा मिळते आणि त्या फरकावरच खोली उभी राहते. इन्फ्रारेडमध्ये हा फरक जवळजवळ पुसला जातो. पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, पण साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढच्या किरणांना ते अडवत नाही. हे किरण पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर विखुरतात, जवळजवळ निम्मे परत फिरतात, म्हणून पाने पांढरी दिसतात, आणि उरलेले बरेचसे पलीकडे निघून जातात. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने अशी छायाचित्रे १९१० साली प्रसिद्ध केली, म्हणून या परिणामाला वुड परिणाम म्हणतात. लाकडाशी त्या नावाचा संबंध नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की पानांतून आरपार गेलेला प्रकाश झाडाच्या पोटातली सावलीही उजळवतो, आणि त्यामुळे सूर्य पाठीशी ठेवून टिपलेले झाड कापसाच्या गोळ्यासारखे दिसते. आपल्या बारांपैकी आठ चित्रांत सूर्य पाठीशीच आहे. तो बाजूला घ्यावा, किंवा झाडाच्या मागे जाऊ द्यावा. मग कडा उजळतात, मधला भाग करडा राहतो आणि झाडाला गोलाई येते.

याहून मोठी सवय बदलायची आहे ती ही, की चौकट ठरवताना पांढऱ्याकडे पाहू नये. पांढरे आपोआप येणारच आहे. आधी काळे कुठे आहे ते शोधावे आणि चित्र त्याच्याभोवती रचावे. सह्याद्रीत हे काळे मुबलक आहे. लाव्हाच्या थरांमुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. उभ्या कड्यांवरचा बेसाल्ट इन्फ्रारेडमध्येही गडद राहतो आणि दोन कड्यांमधल्या उतारावरचे गवत पांढरे होते, त्यामुळे डोंगर आडव्या पट्ट्यांनी आखल्यासारखा दिसतो. आपल्या चौथ्या चित्रात हे पट्टे आहेत, पण ते वरच्या कोपऱ्यात बोटभर जागेत अडकले आहेत आणि पुढे अर्धी चौकट नुसत्या भाताने भरली आहे. त्याच जागी दूरचे जवळ आणणारी लांब फोकल लेंथची लेन्स लावून केवळ ते पट्टे घेतले असते, तर चित्र वेगळेच झाले असते.

दुसरे काळे पाण्याचे. संथ पाणी आकाशाचे प्रतिबिंब घेते आणि निळे आकाश इन्फ्रारेडमध्ये काळवंडते, कारण हवेत लांब तरंगलांबीचा प्रकाश फारच कमी विखुरतो. काठावरच्या झाडांचे प्रतिबिंब मात्र पांढरे पडते, म्हणून एक पाऊल डावीउजवीकडे सरकल्यानेही पाण्याचा आकार बदलतो. सातव्या चित्रातील पाणथळ खाचर ही आपली सर्वांत चांगली चौकट आहे, आणि ती चांगली आहे ती या काळ्या आकारामुळेच. तिसरे काळे उघड्या जमिनीवर पडणाऱ्या सावल्यांचे : तिथे फक्त आकाशाचा प्रकाश पोहोचतो आणि त्यात इन्फ्रारेड अत्यल्प असते. म्हणूनच या प्रकारात दुपारचे ऊन वर्ज्य नाही. ढगाळ दिवशी मात्र आकाश पांढरे, झाडे पांढरी आणि सावली नाही अशी स्थिती होते. त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवावा असे माझे मत आहे. दूरचे विरळ धुरकट वातावरण इन्फ्रारेडमध्ये बरेच निवळते, परंतु दरीतले दाट धुके निवळत नाही, कारण धुक्याचे थेंब या तरंगलांबीच्या तुलनेत फार मोठे असतात.

आता संगणकावरचे काम. रॉ फाइलमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत) चित्र घ्यावे आणि उन्हातल्या हिरव्या गवतावर व्हाइट बॅलन्स (कोणता भाग रंगहीन मानायचा हे) ठरवावा. चित्र कृष्णधवलच करायचे असले तरी ही पायरी गाळू नये, कारण त्यानंतर आकाश तपकिरी आणि पाने किंचित निळसर दिसू लागतात, आणि नारिंगी रंगाचा (त्यात हा तपकिरीही येतो) उजळपणा ठरवणारी पट्टी खाली आणून आकाश स्वतंत्रपणे गडद करता येते. ती थोडीच खाली आणावी; आपल्या दोन चित्रांत ती टोकाला नेल्यामुळे आकाशात दाणे आले आहेत आणि झाडांच्या कडेने पांढरी रेघ उमटली आहे. टिपताना लाल वाहिनीचा (लाल रंगाच्या नोंदीचा) हिस्टोग्राम, म्हणजे गडद-उजळ भागांचा आलेख, पाहावा, कारण तीच सर्वांत आधी भरते. मूळ चित्र बहुधा मधल्या करड्यात दाटलेले असते. कर्व्हने, म्हणजे गडद-उजळ छटा बदलणाऱ्या साधनाने, काळे टोक नीट बसवावे, पण पाने २५५ पर्यंत, म्हणजे पूर्ण पांढऱ्यापर्यंत, ढकलू नयेत. माझ्या चित्रांत मी ती २३५ च्या आसपास थांबवतो. पानांतला तपशील टिकला तरच ते झाड वाटते, आणि आपण पाठवलेल्या बहुतेक चित्रांत तो हरवला आहे.

प्रश्न : इन्फ्रारेडमध्ये एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) बरेच लहान केल्यावर, चित्राच्या मधोमध फिकट वर्तुळ येते आणि तीक्ष्णताही कमी वाटते. लेन्स खराब आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. या फिकट वर्तुळाला हॉटस्पॉट म्हणतात आणि तो लेन्सच्या आतील परावर्तनांमुळे येतो. काही लेन्समध्ये तो दिसतच नाही, तर काहींमध्ये छिद्र लहान केल्यावर ठळक होतो. मोकळ्या आकाशाचे एकेक चित्र प्रत्येक अ‍ॅपर्चरवर घेऊन आपल्या लेन्सची मर्यादा तपासावी. तीक्ष्णतेचे कारण वेगळे आहे : तरंगलांबी वाढली की विवर्तनही (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे) वाढते, त्यामुळे ८०० नॅनोमीटरला एफ/८ वर जे विवर्तन होते ते हिरव्या प्रकाशात जवळजवळ एफ/११ वर होणाऱ्या विवर्तनाइतके असते. म्हणून एफ/८ च्या पुढे शक्यतो जाऊ नये.

प्रश्न : जुन्या इन्फ्रारेड फिल्मसारखे झाडांभोवतीचे तेजोवलय सॉफ्टवेअरने आणावे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : ते वलय इन्फ्रारेड प्रकाशाचे नव्हतेच. कोडॅकच्या हाय स्पीड इन्फ्रारेड फिल्मला मागून परतणारा प्रकाश अडवणारा थर नसे, त्यामुळे उजळ भागांभोवती प्रकाश पसरत असे. ती फिल्म २००७ साली बंद झाली. आपल्या चित्राला त्या वलयाची खरोखर गरज असेल तर ते जरूर आणावे, पण आधी वलयाविना एक प्रत छापून आठवडाभर भिंतीवर लावून पाहावी.