मेगा६५साठी ६४ जीबीचं एसडी कार्ड विंडोजवर पार्टिशन करून चालेल का?

नाही चालणार. आणि विंडोजवर पार्टिशन (म्हणजे कार्डाचे वेगळे भाग) पाडायच्या नादाला लागूच नका, ते काम मेगा६५ (कमोडोर ६५ या जुन्या संगणकाचा नवा अवतार) स्वतः करतं.

आधी कार्डाचं बघू. कोल्हापुरात राजारामपुरीत ६४च्या खालचं मिळेना, असं तुम्ही लिहिलंय. ६४ जीबी म्हणजे एसडीएक्ससी, जास्त क्षमतेचा वेगळा प्रकार. मेगा६५ला एसडीएचसी लागतं, म्हणजे जास्तीत जास्त ३२ जीबी. मोबाईलची दुकानं सोडा, सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडे विचारून बघा. लईच स्वस्त मिळालं तर ते बनावट असू शकतं, म्हणून विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम चालवून खरी क्षमता तपासा. तसं ८ जीबीसुद्धा रग्गड झालं. एक डी८१ डिस्क इमेज (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलीतली नक्कल) जेमतेम ८,१९,२०० बाइटची असते.

मशीनबरोबर आलेल्या कार्डावरचं सगळं आधी विंडोजच्या संगणकावर उतरवून ठेवा, रॉम फाइल (मशीनची मूळ प्रणाली) तर नक्कीच. मग ऑल्ट दाबून धरून मशीन चालू करा आणि मेनूतून एसडी कार्डाचं एफडिस्क (पार्टिशन पाडून फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम) घ्या. कार्डाच्या जागा दोन: एक आत, एक मागे मायक्रोएसडीची. कोणतं कार्ड पुसलं जाणार ते क्षमतेचा आकडा बघून ठरवा. पुढे एफडिस्क तुमच्याकडून ‘डिलीट एव्हरीथिंग’ असं अख्खं टाइप करून घेतं. नुसत्या ‘वाय’वर भागत नाही, आणि तेच बरं आहे.

यातून दोन पार्टिशन तयार होतात. फॅट३२वर (विंडोजलाही वाचता येणाऱ्या भागावर) तुमच्या फाइली. दुसरं मेगा६५चं खासगी, त्यात सेटिंग आणि फ्रीझरने (चालू प्रोग्रॅम थांबवून साठवायची सोय) गोठवलेले प्रोग्रॅम. ते विंडोजला कळत नाही, म्हणून ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर सरळ नको म्हणा.

आता कार्ड संगणकात घालून रॉम फाइल ‘मेगा६५.रॉम’ याच नावाने, कोणत्याही फोल्डरात न घालता, कॉपी करा. मागोमाग डी८१ इमेजा.

लोक अडकतात ते इथून पुढे. डी८१ फाइल कार्डावर सलग पडलेली लागते, तुकड्यांत विखुरली की माउंट होत नाही, म्हणजे मशीन ती डिस्क म्हणून उघडत नाही. कार्डावर सारखं पुसणं-टाकणं केलं की नेमकं हेच होतं, आणि माणूस उगाच इमेजला नावं ठेवत बसतो. म्हणून इमेजांची जुळवाजुळव संगणकावरच करा. काल चाललेली इमेज आज चालेनाशी झाली, तर सगळं उतरवून घ्या, त्याच एफडिस्कने कार्ड पुन्हा फॉरमॅट करा आणि एका दमात परत कॉपी करा.