कॉलेज फुटबॉलची ‘फिल्म’ पाहून संघ कसा खेळला हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय : “अमेरिकेत शिकायला आलोय आणि इथल्या कॉलेज फुटबॉलची गोडी लागलीय. शनिवारचा सामना रविवारी पुन्हा पाहतो, पण बॉल कुठे गेला यापलीकडे काही हाती लागत नाही. प्रशिक्षक फिल्ममध्ये नेमकं काय बघतात?”

मास्टर्स करताना दोन हंगाम मी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या व्हिडिओ विभागात काम केलं. सरावाच्या वेळी उंच लिफ्टवर उभं राहून चित्रण करायचं आणि सामना संपला की रात्री एकेक प्ले (बॉल सुटल्यापासून थांबेपर्यंतचा एक डाव) वेगळा कापून त्यावर नोंदी चढवायच्या. मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने पाहत वाढलेला. तिथला फुटबॉल वेगळा, पण नजर बॉलवर खिळवून ठेवायची सवय तिथलीच, आणि इथे तीच आधी मोडावी लागली.

कबड्डी आठवा. प्रेक्षक चढाई करणाऱ्याकडे बघतात. जाणकार मात्र कोपऱ्यातला गडी आणि कव्हर यांचे पाय बघतो, कारण पकड तिथे शिजत असते. इथेही तसंच. बॉल हलण्याआधीच प्लेचा निकाल बऱ्याचदा ठरलेला असतो, आणि तो ठरवणाऱ्यांच्या हातात बॉल नसतो.

अडचण ही की टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. मागे खोल उभे असलेले सेफ्टी, म्हणजे शेवटच्या फळीतले बचावपटू, चौकटीबाहेर राहतात. संघांकडची फिल्म वेगळी असते. एक कॅमेरा बाजूच्या उंचीवरून बावीसच्या बावीस खेळाडू दाखवतो, म्हणून तिला ‘ऑल-22’ म्हणतात. दुसरा एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागून दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्यांची, म्हणजे लाइनांची, टक्कर दाखवतो. कॉलेजची ऑल-22 बाहेरच्या माणसाला सहसा मिळत नाही. त्यामुळे टीव्हीवर मागच्या बाजूचा रिप्ले आला की तिथे थांबा आणि तो पुन्हा पुन्हा बघा.

बघायचं काय? स्नॅपनंतरची (बॉल मागे देऊन प्ले सुरू झाल्यानंतरची) पहिली दोन सेकंदं आणि ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे बॉलवाल्या संघासाठी वाट अडवून धरणारे, पाच जण. ते खाली वाकून पुढे घुसले तर रन, उभे राहून मागे सरकले तर पास (प्रत्येक वेळी नाही, पण बहुतेकदा). मग प्ले मागे नेऊन बचाव पाहा. मागे सेफ्टी एक आहे की दोन? लाइनजवळ माणसं किती? अडवायला पाच जण आणि समोर सात बचावपटू असताना रन फसला, तर तो लाइनचा दोष नाही, गणितच चुकलेलं होतं.

बॉल कोणत्या हॅशवर (मैदानावर लांबीनं आखलेल्या खुणांच्या दोन रांगांपैकी कोणत्या रांगेवर) ठेवलाय हेही कॉलेजमध्ये फार महत्त्वाचं. मैदान 160 फूट रुंद आणि कॉलेजच्या दोन हॅशमध्ये अंतर 40 फूट. म्हणजे बॉल एका हॅशवर असला की एका बाजूला 60 फूट जागा आणि दुसऱ्या बाजूला 100 फूट. व्यावसायिक एनएफएलमध्ये हॅश 18.5 फुटांवरच असल्यामुळे हा फरक बराच कमी होतो. कॉलेजचे संघ त्या रुंद बाजूवर आख्खे डाव रचतात. म्हणून आमच्या नोंदीत डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी) आणि उरलेलं अंतर यानंतर लगेच हॅशचा रकाना असायचा.

आता जे मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला ते सांगतो. एका सामन्यात आमचा डावा टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनच्या टोकाचा खेळाडू) समोरच्या बचावपटूला हातही न लावता आत निघून गेला. असं तीनदा झालं. मी तिन्ही ठिकाणी ‘चूक’ लिहिलं. लाइनच्या प्रशिक्षकांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, “कॉल काय होता?” मला माहीत नव्हतं. तो बचावपटू मुद्दाम मोकळा सोडलेला होता. क्वार्टरबॅक (स्नॅपनंतर बॉल हाती घेऊन डाव चालवणारा) त्याच्याकडे बघून निर्णय घेणार होता : तो रनिंगबॅकवर (बॉल घेऊन धावणाऱ्यावर) धावला तर बॉल स्वतःकडे ठेवायचा, जागेवर थांबला तर बॉल देऊन टाकायचा. याला झोन रीड म्हणतात. टॅकलनं त्याचं काम चोख केलं होतं. एकदा निर्णय चुकला होता, तो क्वार्टरबॅकचा. त्या रात्रीपासून माझ्या नोंदीत दोन वेगळे रकाने आले : ‘काय दिसलं’ आणि ‘काय सांगितलं होतं’. बाहेरून बघणाऱ्यानं दुसरा रकाना बऱ्याचदा कोराच ठेवावा. अंदाजानं तो भरला की एखाद्या विशीतल्या मुलावर आपण विनाकारण ठपका ठेवतो.

सरावासाठी एक सामना सुचवतो : 4 जानेवारी 2006 चा रोझ बोल, म्हणजे त्या हंगामाचा विजेतेपदाचा सामना, टेक्सास विरुद्ध यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ). यूएससी सलग 34 सामने जिंकून आलेला. टेक्सासचा क्वार्टरबॅक व्हिन्स यंग, आणि त्यांचा झोन रीड शिकायला याहून चांगला सामना मला तरी माहीत नाही. यंग 19 वेळा बॉल घेऊन धावला, त्यात 200 यार्ड पळाला आणि 40 पैकी 30 पास पूर्ण केले. पहिल्यांदा पाहताना नुसता यंगच दिसतो. दुसऱ्यांदा फक्त यूएससीचा टोकाचा बचावपटू, डिफेन्सिव्ह एंड, बघा. तो आत वळला की यंग बाहेर, बाहेर थांबला की बॉल आत. काहीही केलं तरी फसणाऱ्या जागी त्याला उभं केलंय, हे दहा प्लेंत लक्षात येतं.

याच सामन्यात, साधारण दोन मिनिटं उरली असताना, यूएससी 38-33 नं पुढे होता. टेक्सासच्या 45 यार्डवर चौथा डाऊन, दोन यार्ड हवे होते. बॉल यूएससीच्या रनिंगबॅकला, लेनडेल व्हाइटला, दिला, त्याला अडवलं, बॉल टेक्सासकडे गेला, आणि मग यंगनं चौथ्या डाऊनवरच 8 यार्ड पळत टचडाउन केला तेव्हा 19 सेकंद उरले होते. टेक्सास 41-38 नं जिंकला. लोक आजही म्हणतात, व्हाइटला बॉल देणं चूक होतं. मला नाही पटत. त्या रात्री व्हाइटच्या 20 धावांत 124 यार्ड आणि तीन टचडाउन होते, सरासरी सहा यार्डांहून जास्त. दोन यार्डांसाठी तोच योग्य माणूस होता. खटकतं ते वेगळं. त्या प्लेला यूएससीचा दुसरा धोकादायक रनिंगबॅक रेजी बुश मैदानाबाहेर होता. तो नुसता उभा राहिला असता तरी बचावाला एक माणूस त्याच्यासाठी राखावा लागला असता. आकडेवारीत ही गोष्ट सापडत नाही, फिल्ममध्ये मात्र पहिल्याच नजरेत दिसते. उलट नुसते आकडे बघाल तर यूएससीचे एकूण यार्ड 574, टेक्सासचे 556, आणि हरला यूएससी.

दुसऱ्या क्वार्टरमधला एक प्लेही थांबवून बघा. व्हिन्स यंग खाली पडता पडता सहकारी सेल्विन यंगकडे बॉल फेकतो आणि टचडाउन होतो. बॉल फेकण्याआधी व्हिन्सचा गुडघा जमिनीला टेकलेला स्पष्ट दिसतो. कॉलेजच्या नियमात कुणी हात लावला नसला तरी गुडघा टेकला की प्ले संपतो. तीन गुणांनी ठरलेल्या सामन्यात हा प्ले किती जड आहे, बघा.

आकडे अगदी टाकून द्या असं नाही. एक साधा निकष मी अजून वापरतो : पहिल्या डाऊनवर हव्या त्या अंतराच्या निम्मं, दुसऱ्यावर 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्यावर पूर्ण अंतर मिळालं तर प्ले यशस्वी. तिसऱ्या डाऊनवर आठ यार्ड हवेत आणि सात मिळाले, तर प्रेक्षक टाळ्या देतील, पण तो प्ले फसला. निकाल कधीच लागून गेल्यावर शेवटी जे यार्ड मिळतात ते यात धरू नका.

सुरुवात मोठी करू नका. येत्या रविवारी एकच क्वार्टर घ्या आणि प्रत्येक प्ले तीनदा बघा : एकदा फक्त लाइन, एकदा फक्त बचाव, आणि बॉल अगदी शेवटी. वहीत डाऊन, अंतर, हॅश, काय दिसलं आणि किती यार्ड, एवढंच लिहा. एका क्वार्टरला दीड-दोन तास सहज लागतील. तुमच्या विद्यापीठाच्या कोणत्या सामन्यापासून सुरुवात करताय ते खाली लिहा. तो सामना मीही बघतो, मग दोघांच्या नोंदी ताडून पाहू.