आडव्या फांदीचं रोप उभं का राहत नाही?

प्रश्न : आमच्या अंगणात कुंडीतला वॉलेमाय पाईन (ऑस्ट्रेलियातलं दुर्मीळ सूचिपर्णी झाड) आहे, चार फूट झालाय. दीड वर्षापूर्वी त्याची बाजूची फांदी कापून लावली. मुळं धरली, पण रोप वर जायचं सोडून आडवंच पसरतंय. काठी लावूनही फरक नाही. काय चुकलं? शिवाय दिवाळीला पुण्याला येताना आईसाठी एक रोप बॅगेतून आणावं असं मनात आहे. आणू का?
– एक वाचक, पॅरामॅटा (सिडनी)

उत्तर : मुळं धरली, हेच मोठं काम झालं. या झाडाच्या काडीला मुळं सुटायला महिनोन्महिने लागतात आणि बरेचजण धीर सुटून मधेच उपटून बघतात. लावण्यात तुमचं काही चुकलं नाही, चुकली ती काडीची निवड.

वॉलेमाय हा अरोकेरियाच्या कुळातला. आपल्या नर्सऱ्यांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतो तो अरोकेरिया त्याचा भाऊबंद. या घराण्यात बाजूची फांदी कायम बाजूचीच राहते. माझ्या गच्चीवर अरोकेरियाच्या अशाच फांदीचं रोप नऊ वर्षं आहे. हिरवंगार, आणि कुंडीच्या काठावरून पंख्यासारखं बाहेर ओणवलेलं. दोन वर्षं मी ते बांबूला बांधून ठेवलं होतं. सुतळी सोडली, तर पुढची फूट पुन्हा आडवी.

उभं रोप हवं तर काडीही उभ्या वाढीचीच घ्या : शेंडा, नाहीतर बुंध्यातून सरळ वर आलेला फुटवा. शेंडा कापायला हात धजत नाही, हे मी समजू शकते. पण हे झाड फुटव्यांना कंजूष नाही. रानात एकेका झाडाला बुडापासून कितीतरी खोडं असतात. शेंडा काढला की खालच्या खोडावरून नवे उभे फुटवे येतात, पुढच्या काड्या त्यांच्या घ्याव्यात. फूट कोवळी लिबलिबीत नको, पार लाकूडही नको. वाकवली तर जराशी ताठ लागावी. वीतभर काडी, खालची पानं काढून, रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारं औषध) लावून, निम्मं परलाइट (खडकापासून केलेले हलके पांढरे दाणे) आणि निम्मं कोकोपीट यात खोचा. वरून प्लास्टिकची पिशवी. उजेड भरपूर, थेट ऊन नको. ओल हवी, पण पाणी साचू देऊ नका. मूळकूज हा या झाडाचा खरा वैरी आहे.

म्हणूनच बॅगेतून आणण्याला माझा ठाम नकार. १९९४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागातले डेव्हिड नोबल यांना सिडनीच्या वायव्येकडच्या घळीत ही झाडं दिसली. रानात मोठी झाडं शंभरही नाहीत. जागा गुप्त ठेवली, तरी २००५ मध्ये तिथे मूळकूज घडवणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव पोचलाच. बुटाला चिकटलेला चिखलही त्याला पुरतो, मग कुंडीतली माती घेऊन विमानात बसणं किती धोक्याचं! आपल्याकडेही आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय रोप आणता येत नाही. आईंना पुण्यातच अरोकेरिया घेऊन द्या. घेताना वरून बघा : मधोमध एक सरळ शेंडा आणि भोवती फांद्यांचं चक्र असेल तेच रोप उचला. शेंडा मोडलेलं स्वस्तात दिलं तरी नको.

तुमच्या थोरल्या झाडाची एखादी फांदी तपकिरी होऊन अख्खी गळाली, तर घाबरू नका. हे झाड पान पान झाडत नाही, जुनी फांदीच टाकतं. आणि जून-जुलैत शेंड्याकडे जरूर बघा. कोंबावर राळेची पांढरी टोपी चढलेली दिसेल, मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तशी. तिला बुरशी समजून खरवडू नका. थंडीत कोंब तिच्याखालीच सुखरूप राहतो.

आडवं रोप टाकू नका हं. पसरट, उथळ कुंडीत हलवा आणि उंच कट्ट्यावर ठेवा.